भिंतीतली हवा

९ डिसेंबर

बारक्या,

आम्ही जिवंत आहोत. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण पाकीट फोडलं की तू घाईनं शेवटाकडे धावणार आणि मधलं काही तुला दिसणार नाही. अण्णा आहेत, मी आहे, आपल्या दोन खोल्यांपैकी पुढची आहे. मागच्या खोलीची भिंत शेजाऱ्यांच्या अंगणात जाऊन पडली. मोबाईलचे टॉवर आडवे झालेत, म्हणून हे पत्र औषधांच्या ट्रकवाल्याच्या हातात देतेय. तुमच्या बाजूला उतरलो की पेटीत टाकतो म्हणाला. माणूस बरा वाटला.

आता नीट वाच. भूकंप झाला त्या आठवड्यात आमच्या हॉस्पिटलात नुसती हाडं होती. पाय, मांड्या, खुबे. माझ्या छातीच्या वॉर्डाकडे कोणी फिरकत नव्हतं, मलाही हाडांकडे मदतीला धाडलं होतं. मला वाटलं, आपण सुटलो. मग हाडं थांबली आणि छात्या सुरू झाल्या. सगळं गाव ढिगारे उपसतंय. फावडं मारलं की पिठासारखी धूळ उठते, ट्रक भरताना उठते, ट्रक निघाला की रस्ताभर उठते. त्यात ही थंडी. लोक ताडपत्रीखाली झोपतात आणि ऊब म्हणून हाताला लागेल ते जाळतात, रंगवलेल्या चौकटी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, गाद्या. सकाळी गेटवर रांग लागते ती खोकणाऱ्यांचीच. दम्याचे माझे जुने पेशंट तर आलेच, पण जन्मात कधी शिंकले नाहीत असे धडधाकट लोकसुद्धा धापा टाकत येतात. लहान मुलं न्यूमोनियाची. मोठे डॉक्टर, म्हणजे आमचे प्रमुख, म्हणतात की जमीन थांबली तरी छात्या बरेच दिवस हलत राहणार.

आणि त्यात आपले अण्णा. जन्मभर बस चालवताना खिडकीतून रस्त्याची धूळ खाल्लेली, वर सिगारेट, वर हा दमा. भूकंपाच्या दुसऱ्याच दिवशी मी ड्युटीवर असताना स्वतः मागची खोली उपसायला बसले. मी घरी परतले तर त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या आणि छातीतून शिट्टी वाजत होती. तेव्हापासून आमच्याकडेच ॲडमिट आहेत. पण कुठे, तर अंगणात.

हेच तुला सांगायचंय. ऑक्सिजन भिंतीत आहे. वॉर्डात प्रत्येक कॉटच्या डोक्याशी भिंतीत नळी आहे, मागच्या टाकीतून येते. टाकी शाबूत, नळ्या शाबूत, हवी तेवढी हवा. आणि पेशंट सगळे बाहेर ताडपत्रीखाली, कारण छताखाली जायला एक जण तयार नाही. एकदा आत नेले होते. तेवढ्यात दुसरा हादरा आला आणि सगळे मास्क उपटून, सलाईनच्या बाटल्या हातात धरून पळाले. ज्यांना बाथरूमपर्यंत चालवत नव्हतं ते माझ्या पुढे होते. बाहेर सिलिंडर लावावे लागतात, ते ट्रकनं येतात, आणि ट्रक आला तर आला.

मोठे डॉक्टर जबरदस्ती करत नाहीत. इमारती तपासणारे लोक आधी पूल बघणार, मग शाळा, मग आम्ही. वॉर्डात एकच मोठी भेग आहे, खांबावरून छतात गेलेली. तू पुलाच्या साइटवर क्रेन चालवतोस, तुझ्या अवतीभवती इंजिनियर असतात. भेगेचं चित्र काढून सोबत पाठवतेय. घसा तपासताना जीभ दाबायची जी लाकडी पट्टी असते ती भेगेत घालून बघितली, जिथवर गेली तिथे पेन्सिलनं खूण केली. ती पट्टीही पाकिटात आहे. हसू नकोस, माझ्याकडे मोजायला दुसरं काही नव्हतं. साहेबांना दाखव आणि विचार, या छताखाली माणसं ठेवावीत की नाही. वाईट असेल तर वाईट लिही, मी दुसरं काहीतरी बघेन. पण लवकर लिही. अण्णांकडे वेळ कमी आहे, हे तुला मुलगी म्हणून नाही, नर्स म्हणून सांगतेय.

ताई


१४ डिसेंबर

ताई,

शेवटच आधी शोधणार होतो, खरंय. पत्र घेऊन क्रेनच्या केबिनमध्ये वर चढलो, म्हणजे कोणी बघायला नको. पहिली ओळ वाचली आणि तिथेच हुंदका फुटला. खालून मुकादम ओरडत होता की लोखंड अधांतरी लटकतंय. लटकू दिलं.

मी इथे आरामात बसलोय असं समजू नकोस. बातमी आली त्याच दिवशी निघालो होतो. घाटाच्या पायथ्याशी अडवलं. वर दरड कोसळलीय, मदतीच्या गाड्या सोडून कोणाला जाऊ देत नाहीत. एकेका ट्रकवाल्याच्या पाया पडलो, कोणी घेतलं नाही. परत येऊन कामावर चढलो. रोज वरून तुमच्या बाजूचे डोंगर दिसतात आणि मी मूर्खासारखा त्यांच्याकडे बघत बसतो.

अण्णांना फावडं कोणी दिलं, असं विचारणार होतो. पण त्यांना कोणी काही द्यावं लागत नाही हे मलाही माहितेय.

पट्टी शर्टाच्या खिशात आहे, दिवसभर चाचपून बघतो. मोठे साहेब, म्हणजे आमचे मुख्य इंजिनियर, उद्या साइटवर येतात. माणूस कमी बोलतो, पण जाणता आहे. उद्या विचारतो म्हणजे विचारतो.

आणि तू सगळ्या गावाचं एवढं लिहिलंस आणि अण्णांचं चार ओळींत उरकलंस. जेवतात का? आडवे झोपतात की बसून? लपवू नकोस, ताई.

बारक्या


१८ डिसेंबर

बारक्या,

लपवत नाही, घे. अण्णा बसून झोपतात. पुढ्यात स्टूल, स्टुलावर उशी, उशीवर कपाळ. आडवं केलं की गुदमरतात. जेवण म्हणजे दोन घास काहीतरी पातळ, कारण गिळताना श्वास थांबवावा लागतो आणि तेवढी शिल्लक त्यांच्याकडे नाही. बोलतात ते तुकड्या-तुकड्यानं. काल म्हणाले, “पोरी. इंजिन. चढाला. ओढत नाही.” आणि स्वतःच हसले. त्या हसण्यानं अशी उबळ आली की पाठीवर हात फिरवता फिरवता मला वाटलं, झालं. नखं निळी पडलीत. ओठ निळे होतात, वाफ दिली की जरा परततात, पुन्हा होतात.

सिलिंडरचा ट्रक आलाच नाही. आहेत ते पाळीपाळीनं देतो. एकाच्या तोंडावरचा मास्क काढून दुसऱ्याला लावायचा, असलं काम मी आजवर केलं नव्हतं. ज्याचा काढते तो माझ्याकडे बघतो. अण्णांचा काढला की ते बघत नाहीत, डोळे मिटून घेतात. ते जास्त वाईट. शेजारच्या कॉटवर बेकरीवाल्याची छोटी लेक आहे, न्यूमोनिया. आपली पाळी आली की अण्णा बोटानं तिच्याकडे दाखवतात. मी रागावते, ते ऐकत नाहीत.

परवा कुलूपवाला गेला. तोच, जो आपल्या कपाटाची किल्ली हरवली की यायचा आणि तुला चिडवायचा. सिलिंडर त्याच्याकडे पोचेपर्यंत तो थांबला नाही. भिंतीतली नळी त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर होती. त्याला नेल्यावर मी आत गेले, रिकाम्या वॉर्डात एक नळी उघडली आणि नुसता तिचा आवाज ऐकत उभी राहिले. हवा वाया घालवत. वेड लागलं असेल मला.

काल मी आणि वॉर्डबॉयनं मिळून अण्णांना उचलून आत न्यायला बघितलं. त्यांनी दाराची चौकट धरली. जन्मभर दरीच्या कडेनं गाडी चालवलेला माणूस, एका दाराला घाबरला. बोटांत एवढी ताकद कुठून आली कोण जाणे, सोडवता सोडवेनात. मग मी रडले, सगळ्यांसमोर, युनिफॉर्मवर. तेव्हा म्हणाले, “बारक्यानं. लिहिलं. तर जाईन.” मी या वॉर्डात उभा जन्म काढला, माझ्यावर विश्वास नाही. तू लोखंड उचलतोस म्हणून तुझ्यावर. ठीक आहे, तुझ्यावर तर तुझ्यावर.

साहेब काय म्हणाले? गेटवर ट्रक वाजला की मी धावत जाते. लिहिलं नसशील तर आजच लिही.

ताई


२२ डिसेंबर

ताई,

सोबतचा कागद अण्णांसाठी आहे. त्यांच्या हातात दे, वाचवत नसेल तर वाचून दाखव. तुला वेगळं काही लिहीत बसत नाही, आजची गाडी चुकायला नको. त्यांना आत ने.

बारक्या

ती. अण्णांस,

नमस्कार. ताईनं पाठवलेलं चित्र आणि पट्टी मोठ्या साहेबांना दाखवली. साहेबांनी पट्टीवरची खूण निरखून बघितली, चित्रावरून बोट फिरवलं, जुन्या इमारतींविषयी बरंच बोलले. त्यांचं म्हणणं असं की भेग वरच्या गिलाव्याची आहे, आतला खांब आणि तुळई पक्की आहे. मोठ्या हादऱ्यानंतर असल्या भेगा पडतातच, त्यांनी इमारत पडत नाही. उलट एवढा हादरा खाऊन जी उभी राहिली ती पुढचे बारीकसारीक हादरे सहज सोसते. शेवटी हसून म्हणाले, वडिलांना सांग, बिनधास्त झोपा.

अण्णा, बारक्यानं लिहिलं तर जाईन असं म्हणालात ना? हे मीच लिहिलंय. आता आत जा आणि पोटभर श्वास घ्या. मी येईन तेव्हा मला शिव्या घालायला तुमच्या छातीत जोर हवा.

आपला,
बारक्या


२७ डिसेंबर

बारक्या,

अण्णा आत आहेत. आडवे झोपलेत. ओठ माणसासारखे दिसतायत. तुझ्या साहेबांच्या मी लांबूनच पाया पडते.

तुझा कागद त्यांनी स्वतः वाचला. एकदा वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला. मग मला म्हणाले, सगळ्यांना वाचून दाखव. मी अंगणाच्या मधोमध उभी राहून मोठ्यानं वाचलं. बिनधास्त झोपा म्हटल्यावर लोक चक्क हसले. मग अण्णा उठले. कोणाला हात लावू देईनात. दोन पावलं टाकायचे, थांबायचे, पुन्हा दोन टाकायचे. सगळं अंगण बघत होतं. दाराशी आले तेव्हा मला वाटलं, पुन्हा चौकट धरतात की काय. पण आत गेले, आणि जाऊन बसले कुठे, तर खांबाजवळच्या कॉटवर, बरोब्बर भेगेखाली. मी म्हटलं, खिडकीजवळची घ्या, ऊन तरी येतं. मान हलवली. मी नळी जोडली, मास्क लावला, आणि पहिला लांब श्वास त्यांनी घेतला तो मी ऐकला. मला वाटतं सगळ्या अंगणानं ऐकला.

मग शिलाईवाल्या मावशी उठल्या. मग बेकरीवाला लेकीला खांद्यावर घेऊन आला. बघता बघता वॉर्ड भरला. आता गेटवरचे नवे पेशंटही थेट आत येतात. मोठ्या डॉक्टरांनी तुझा कागद वॉर्डाच्या दारावर चिकटवलाय. येणारा तो वाचतो, वर बघतो आणि आत येतो. तू आमच्याकडे आता मोठा माणूस झालायस, हुरळून जाऊ नकोस.

काल हादरा आला. कॉटी जागच्या जागी वाजल्या, वरून थोडी माती मावशींच्या सुपात पडली. मी जिथे होते तिथेच गारठले. कोणी उठलं नाही. सगळे अण्णांकडे बघत होते आणि हा माणूस मास्कच्या आत शीळ घालायचा प्रयत्न करत होता. नुसती फसफस होत होती. मावशी हसल्या, म्हणाल्या, ड्रायव्हरसाहेब खुशीत दिसतात. त्यांनी सूपही तसंच पिऊन टाकलं.

भेग जरा लांबलीय, तशीच दुसरी पट्टी घातली तर ती पहिल्या खुणेपेक्षा जास्त आत जाते. पण साहेबांनी गिलावा म्हटलंय म्हणून मनावर घेतलं नाही. फक्त एक झालं, पेशंट उताणे पडून दिवसभर तिच्याकडेच बघत बसायचे. म्हणून हाडांच्या वॉर्डातून उरलेल्या प्लास्टरच्या पट्ट्या आणल्या, भिजवून भेगेत दाबल्या, वरून हात फिरवला. मोडलेला पाय बांधतात तशी बांधून टाकली. आता शोधूनसुद्धा दिसत नाही.

आज अण्णांनी दाढी करून मागितली. तुझी ती खडूस ताई आज फार दिवसांनी पोटभर जेवली.

ताई


३१ डिसेंबर

ताई,

आधी सगळ्यांना बाहेर काढ. पत्र खिशात घाल, सगळ्यांना बाहेर काढ, मग पुढचं वाच.

साहेब तसं म्हणाले नव्हते. त्यांनी पट्टी हातात घेतली हे खरं. मग मला परत देऊन म्हणाले, “अरे, पट्टीवरून इमारत कळत असती तर मी इथे उन्हात कशाला उभा राहिलो असतो? गिलावा असेल, खांबही असेल. पन्नास वर्षं उभी राहील नाहीतर उद्या बसेल. जो जाऊन बघेल तोच सांगेल. तोवर मी माझं कुत्रंसुद्धा आत बांधणार नाही.” हे जसंच्या तसं मी तुला लिहिलं होतं. पाकीट बंद करून खिशात ठेवलं, पण ट्रकवाल्याच्या हातात देववेना, कारण त्यात तुला द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. तेवढ्यात तुझं दुसरं पत्र आलं. निळी नखं, चौकट, तू युनिफॉर्मवर रडलीस. मी खरं पत्र फाडलं आणि खोटं लिहिलं. साहेब हसले हेही खोटं. ते कधी हसत नाहीत.

मला वाटलं, अण्णा एकटे आत जातील. आपला माणूस आहे, त्याच्या जिवाची जोखीम मुलानं घेतली तर घेतली. तू अंगणात उभी राहून वाचशील, दारावर चिकटवाल, त्या बेकरीवाल्याच्या पोरीला आत आणून झोपवाल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी एका माणसापुरतं खोटं बोललो होतो, ताई.

भेगेतलं ते प्लास्टर काढ. ती वाढतेय की नाही हे दिसायला हवं. वाढतेय असं तूच लिहिलंयस आणि माझ्या शब्दावर विसंबून तिकडे दुर्लक्ष केलंस. ते वाचल्यापासून मला क्रेनवर हात ठेवता येत नाही. साहेबांच्या मागे लागलोय, तुम्ही स्वतः चला म्हणून. ऐकतील असं वाटत नाही. मला काय म्हणायचं ते म्हण, पण आधी त्यांना बाहेर काढ.

बारक्या


५ जानेवारी

बारक्या,

काढलं नाही. कोणालाही बाहेर काढलेलं नाही.

तुझं पत्र मी चादरींच्या खोलीत दार लावून वाचलं. तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या, चादरींनी ऐकल्या. मग स्टुलावर चढून प्लास्टर खरवडलं. पेशंट विचारायला लागले, सिस्टर, काय करताय? म्हटलं, ओल धरलीय. म्हणजे मीही तुझ्या पंगतीला येऊन बसले. पट्टी पुन्हा घातली. किती आत गेली ते लिहीत नाही.

मोठ्या डॉक्टरांकडे गेले. पत्र वाचून त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. म्हणाले, “सिस्टर, सिलिंडरची काय अवस्था आहे ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत. बाहेर म्हणजे कुठे ते सांगा, आत्ता सही करतो.” मी काय सांगणार? अंगणात बादलीतलं पाणी गोठतंय. घाटाखालच्या हॉस्पिटलात न्यायचं म्हटलं तर निम्मे वाटेतच जातील. तपासणीवाल्यांकडे त्यांनी पुन्हा माणूस धाडला. मागेही धाडला होता.

मग अण्णांना सांगितलं. कानाशी बसून, हळू आवाजात, सगळं. ऐकून म्हणाले, “माहितेय.”

म्हटलं, काय माहितेय?

“कुठला इंजिनियर. बिनधास्त. म्हणतो? इंजिनियर म्हणतो. बघावं लागेल.”

त्यांनी कागद दोनदा का वाचला ते मला तेव्हा कळलं. मी ताडकन उठले. माहीत होतं तर मला सगळ्यांना वाचायला का लावलंत, म्हटलं. स्वतः येऊन पडायचं होतं, लोकांना कशाला ओढलंत? त्यांनी मास्क बाजूला केला, मी पुन्हा लावला, त्यांनी पुन्हा केला. मग तुकड्या-तुकड्यानं जे सांगितलं ते असं. उतारावर कधीकधी ब्रेक नरम लागायचे. तेव्हा ते शीळ घालायचे. लोकांना वाटायचं, ड्रायव्हर खुशीत आहे. “ओरडलो असतो. तर उड्या. मारल्या असत्या. दरीत.” पॅसेंजर ब्रेककडे बघत नाही, ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी भेगेखालचीच कॉट धरली.

मी विचारलं, आणि एखाद दिवशी गाडी गेली असती दरीत, तर? त्यावर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

बेकरीवाल्याची लेक कालपासून पाव मागतेय. पोर खायला मागायला लागलं की ते वाचतं, एवढं मला कळतं. तिला बाहेर नेऊन पुन्हा निळी होताना बघू, की आत ठेवून वर बघत बसू? तूच सांग, तू लांब आहेस, तुला सोपं जाईल. हे वाक्य खोडणार होते, पण राहू दे. मला तुझा राग आलाय.

दारावरचा कागद अजून तिथेच आहे. त्याच्याकडे न बघता ये-जा करते.

अण्णांना ताप आहे. अंगणातले ते दिवस छातीत घर करून बसलेत. हवा भरपूर मिळतेय, पण घेणारी छातीच थकलीय. साहेब येत असतील तर आण. नसतील येत तरी तू ये.

ताई


९ जानेवारी

ताई,

निघालोय. साहेब बरोबर आहेत. मी फक्त तुझं पत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी उभ्यानंच वाचलं, हेल्मेट उचललं आणि म्हणाले, चल. इंजिनियर काय म्हणतो हे अण्णांना बरोबर माहीत होतं, वाटेत साहेब दोनदा म्हणाले, बघावं लागेल.

घाटाच्या पायथ्याशी मदतछावणीत थांबलोय. वरचा रस्ता एका बाजूनं मोकळा करतायत, साहेबांमुळे गाडीत जागा मिळेल. उत्तर इथेच पाठव, क्रेनवाला म्हटलं की ट्रकवाले ओळखतात.

राग राहू दे, मी तो घ्यायलाच येतोय. अण्णांना सांग, म्हणावं या वेळी खरं लिहिलंय.

बारक्या


१३ जानेवारी

बारक्या,

अण्णा गेले. काल दुपारी, खिडकीत ऊन होतं तेव्हा, बसल्या जागी, उशीला टेकून. मी जवळ होते. छत पडलं नाही, हवा कमी पडली नाही. छाती थांबली. सकाळीच तुझं पत्र आलं होतं, ते वाचून दाखवलं. साहेब येतायत म्हटल्यावर त्यांनी भुवया उडवल्या, म्हणजे पटलं नव्हतं. मी शपथ घालून सांगितलं की या वेळी खरं आहे. बहुतेक हसले. मास्कमध्ये नीट कळत नाही.

तू येईपर्यंत त्यांना ठेवता येणार नाही. त्याबद्दल मला माफ कर. रडायला तुलाही पुढे वेळ मिळेल, मलाही मिळेल. आता ऐक.

त्यांना नेलं आणि कॉट रिकामी झाली. मावशी उठून बसल्या आणि पायांनी चपला शोधायला लागल्या. बेकरीवाल्यानं लेकीला शालीत गुंडाळलं. सगळे त्या कॉटकडे बघत होते, आणि मग वर. मला कळलं, आता हे सगळे निघणार. आणि बाहेर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

मला शीळ घालता येत नाही. मी दारावरचा कागद काढून आणला आणि सांगून टाकलं. हे माझ्या भावानं लिहिलंय आणि हे खोटं आहे. कुठल्याही इंजिनियरनं हे छत बघितलेलं नाही. ते उभं राहील की पडेल हे कोणालाच माहीत नाही, मलाही नाही. बाहेर काय होतं ते तुम्ही माझ्याबरोबर बघितलंय. ज्याला जायचंय त्याला मी स्वतः धरून नेईन. एवढं बोलून मी चपला काढल्या आणि अण्णांच्या कॉटवर जाऊन पडले. उशीत त्यांच्या डोक्याचा खळगा तसाच होता. दुसरं काय करावं ते मला सुचलंच नाही.

काही जण गेले. जाताना मला जे ऐकवलं त्यातलं काही चुकीचं नव्हतं. त्यांतले काही अंधार पडायच्या आत परत आले, धापा टाकत, माझ्याकडे न बघता. मावशींनी चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या, आणि चपलांसकट पांघरूण ओढून पडल्या. बेकरीवाला लेकीला घेऊन दारात उभा होता, एक पाय आत, एक बाहेर. खूप वेळ. मग आत आला. त्यानं मला एक शब्द विचारला नाही, तेच मला सहन झालं नाही.

तेव्हापासून मी याच कॉटवर आहे. कामाला उठते, औषधं देते, वाफ देते, पण चपला कॉटखाली ठेवून अनवाणी फिरते, म्हणजे मी परत येणार हे सगळ्यांना दिसतं. फरशी गारढोण आहे. भेग बरोबर माझ्या तोंडावर आहे. मला भीती वाटते, बारक्या. अण्णांना वाटत होती का, ते विचारायचं राहून गेलं.

साहेबांना घेऊन लवकर ये. ते दारातूनच वर बघायला लागतील, बघू देत, त्यांचं ते कामच आहे. तू मात्र आत येताना वर बघू नकोस. सरळ माझ्याकडे चालत ये आणि कॉटच्या कडेला बस. सगळे तुझ्याकडे बघत असतील.

ताई